खवल्याने पाळलेला अजगर

“अगं, त्या खवल्याने पाळलेल्या अजगराने आज पहाटे खवल्यालाच...”

एवढे बोलून साळुंकी थांबली, कारण वरून घारीची सावली गेली. दोन्ही साळुंक्या भुर्रकन उडाल्या आणि खाली पालापाचोळा उकरत असलेली रानकोंबडी मान वर करून तशीच उभी राहिली. “खवल्यालाच काय? अगं बायांनो, पुढचं तरी सांगून जा!” पण सांगायला होते कोण?

मुलांनो, डोंगरउतारावरच्या त्या जंगलात ही रानकोंबडी आपल्या सहा पिलांना घेऊन राहत असे. बाई मायाळू, पण शेजारीपाजारी काय चालले आहे ते कळल्याशिवाय तिच्या घशाखाली दाणा उतरत नसे. तिच्या करवंदीच्या जाळीपासून दहा पावलांवर खवल्याचे बीळ होते. खवल्या म्हणजे खवले मांजर. नावात मांजर असले, तरी मांजराशी त्याचे काही नाते नाही. अंगभर कौलांसारखे कठीण खवले, तोंडात एकही दात नाही, जीभ मात्र वीतभर, आणि खाणे म्हणजे मुंग्या नि वाळवी. कोणी अंगावर आले की तो अंग गुंडाळून चेंडू होऊन बसतो. असा शेजारी मिळायला भाग्य लागते, असे रानकोंबडीच सगळ्यांना सांगत फिरायची.

त्यामुळे साळुंकीचे अर्धे वाक्य तिने मनातच पुरे केले. ‘गिळलं!’ आणि समोरचा दाणा तिने तसाच सोडला. कारण असे काही होईल हे जंगलात एकाच जणीला आधीपासून ठाऊक होते, आणि ती गप्प बसली होती.

त्याचे असे झाले. थंडीच्या सुरुवातीला ओढ्याच्या काठी एक अजगर गारठून पडला होता, चांगला आठ हात लांब. खवल्याने उभ्या जन्मात साप पाळला नव्हता. पण त्याने अजगराला खालीवर न्याहाळले आणि त्याला भरून आले. “अंगावर खवले, जीभ लांब, कान दिसत नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा तर आपल्याच घरचा!” असे म्हणून त्याने अजगराला ढकलत, ओढत आपल्या उबदार बिळात नेले. संध्याकाळी वारूळ फोडून ताजी वाळवी आणली, पानावर वाढली आणि म्हणाला, “खा रे बाळा.”

“नको, दादा,” असे म्हणून आठ हातांच्या बाळाने भिंतीकडे तोंड फिरवले.

“लाजतोय,” खवल्या रानकोंबडीला म्हणाला. “नव्या घरी होतं असं.” दुसऱ्या दिवशी त्याने लाल मुंग्या आणल्या. त्या अजगराच्या अंगावर चढून त्यालाच चावल्या. मग मुंगळे आणले, मग पुन्हा वाळवी. अजगराचे पोट खपाटीला गेले, कातडी सैल पडली, पण खवल्याचा पाहुणचार काही थांबेना.

रानकोंबडी पहिल्याच दिवशी पिलांना मागे घेऊन पाहुणा बघायला गेली होती. अजगराची जीभ हळूच बाहेर आली आणि एकेका पिलाच्या दिशेने लवलवली. त्याच क्षणी तिला कळले की हा काय खातो. पण ते बोलायचे कसे? खवल्या पडला भोळा. पाहुण्याला जे लागते ते शोधायला निघाला तर सगळ्यांत जवळ काय होते? तिची सहा पिले! म्हणून ती बाकी सगळे बोलली. “भाऊ, बिळात जरा ऊन येऊ देत जा.” “भाऊ, त्या मुंगळ्यांचा आंबूस वास माझ्या जाळीपर्यंत येतो हो.” “भाऊ, तुमचा पाहुणा वाळत चाललाय.” का वाळत चाललाय, ते मात्र तिने ओठांवर येऊ दिले नाही.

आता तिने पिलांना जाळीत कोंबले. “मी येईपर्यंत हूं की चूं करायचं नाही,” असे बजावले आणि ती खवल्याच्या बिळाकडे धावली.

बिळाच्या तोंडाशी उन्हात अजगर लांबलचक पडला होता. पाठीचा कणा नुसता वर आला होता. त्याच्या पलीकडे खवल्या चेंडू होऊन पडलेला, हालचाल नाही की काही नाही. रानकोंबडी चार पावले लांबच थांबली, पण तिचे तोंड थांबले नाही.

“मेल्या, काय केलंस हे? ज्यानं ऊब दिली, त्यालाच?”

“गिळायलाच निघालो होतो, ताई. खोटं कशाला बोलू?” अजगर म्हणाला. “भुकेनं काही सुचेना. समोर काहीतरी हललं, ते तोंडात घेतलं. टाळ्याला खवले रुतले तेव्हा कळलं की ही दादांची शेपटी. लगेच सोडली. तेव्हापासून बाहेर पडून आहे. दादा काही बोलतच नाहीत.”

रानकोंबडी अंग चोरून चेंडूजवळ गेली. “भाऊ? अहो भाऊ, जिवंत आहात ना?”

“जिवंत आहे,” चेंडूच्या आतून आवाज आला. “पण मला आता कुणाचं तोंड बघायचं नाही. मी काय कमी केलं, ताई? स्वतः मुंगळ्यांवर भागवलं आणि ह्याला कोवळी वाळवी दिली!”

मुलांनो, या वेळी ‘हाकलून द्या त्याला’ एवढे म्हटले असते तरी भागले असते. अजगर मुकाट्याने गेला असता, ओढ्याकाठी भुकेने मेला असता, आणि रानकोंबडीला कोणी बोल लावला नसता. तिने एकदा जाळीकडे पाहिले, एकदा त्या वर आलेल्या कण्याकडे पाहिले आणि ती मटकन खाली बसली.

“भाऊ, तो वाळवी खातच नाही. घुशी खातो, उंदीर खातो, आणि माझ्यासारख्यांना खातो. महिन्या-दीड महिन्यातून एकदा, पण पोटभर. मला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

चेंडू हळूहळू उलगडला. आतून खवल्याचे निमुळते तोंड बाहेर आले. “पहिल्याच दिवशी? मुंगळ्यांचा वास येतो हे तुम्ही मला रोज ऐकवत होता, ताई. नेमकं हेच नाही सांगितलंत?”

“सहा पिलं आहेत हो माझी. भीती वाटली.”

“आणि तू रे?” खवल्या अजगराकडे वळला. “तुला तोंड नव्हतं?”

“तुम्ही इतक्या मायेनं आणायचात, दादा. नको म्हणालो, पण पुढचं बोलवेना. शिवाय शेजारीणबाई सदा समोर बसलेल्या. त्यांच्या देखत कसं सांगू, की मला ह्या लागतात म्हणून?”

अशा वेळीही रानकोंबडीला हसू फुटले. खवल्या मात्र हसला नाही. “मग आता मी काय करू?” तो म्हणाला. “घूस मला पकडता येणार नाही, आणि कुणाचं पिलू मी आणणार नाही.”

“काहीच आणायचं नाही. जिथं घुशी आहेत तिथं ह्याला पोचवायचं. खालच्या पडीक खाचरांच्या बांधात घुशींची बिळंच बिळं आहेत. मी रोज उकरते ना तिकडं.”

पण वाट दाखवणार कोण? खवल्याला उन्हात धड दिसत नव्हते, आणि अजगराला उन्हाशिवाय चालवत नव्हते. म्हणजे भुकेल्या अजगराच्या पुढे रानकोंबडीनेच चालायचे. तिने पिलांना हाक मारली. खवल्याने सहाही पिलांना पोटाशी घेतले आणि त्यांच्याभोवती अंग गुंडाळले. “निर्धास्त जा, ताई. ह्यांच्यापर्यंत पोचायला आधी मला फोडावं लागेल, आणि माझी चव त्यानं घेतलीय.”

निघाली दोघे. पुढे रानकोंबडी, मागे सरपटत अजगर. तो दर चार झाडांपाशी उन्हात थांबायचा, मग ती झुडपावर बसून वाट बघायची. एका वळणावर सवयीने तिने पाने उकरली, एक अळी सापडली, ती टिपण्यात तिचे भान हरपले. मान वर केली तर अजगर दोन हातांवर! जीभ लवलवत होती. तिने पंख उचलले, पण उडाली नाही. आता उडाली तर हा इथेच पडून राहणार, हे तिला दिसत होते.

“बांध किती लांब आहे अजून?” अजगराने विचारले.

“तो काय, त्या बोरीपलीकडे.”

“मग लवकर चला, ताई. मी दुसरीकडे बघत येतो.”

आणि खरोखरच तो मान वळवून, दगडांना अडखळत तिच्या मागून आला. बांधाजवळ पोचताच त्याची जीभ एका बिळाशी थबकली आणि आठही हात आत गेले. रानकोंबडी बोरीवर बसून राहिली. आतून एकदा धडपड ऐकू आली, मग सगळे शांत झाले. तेव्हा कुठे ती माघारी आली. खवल्याच्या खवल्यांमधून सहा चोची बाहेर डोकावत होत्या.

संध्याकाळी साळुंक्या पुन्हा आल्या. “काय गं, अजगरानं खवल्याला गिळलं म्हणे?”

“गिळलं होतं, पण तीन खवल्यांपुरतंच,” रानकोंबडी म्हणाली. “बाकीचा तो बघा, वारुळात तोंड घालून बसलाय.”

“इश्श, एवढंच?” साळुंक्या हिरमुसल्या.

“एवढंच कसं? बसा, सांगते.” आणि तिने सगळे सांगितले. आपण महिनाभर काय दडवले आणि का दडवले, तेही सांगितले. ते सांगताना तिचा आवाज बारीक झाला, पण तिने वाक्य अर्धे सोडले नाही.

तात्पर्य : नुसता जीव लावून कोणाची भूक कळत नाही, ती विचारून घ्यावी लागते, आणि जो ती जाणतो, त्याने भीती वाटली तरी वेळेवर सांगावी.