खोट्यावर पोसलेला राक्षस

एका डोंगरी मुलखात एक राजा होता. नाव भलं थोरलं, कीर्तिसेन. काळीज मात्र चिंचोक्याएवढं. चिंगे, पांघरूण ओढ नीट आणि ऐक.

त्या राज्यावर एकदा राक्षस चालून आला. ताडाएवढा उंच, सोबत काळ्या लांडग्यांची फौज. मग राजानं दरबारात तबकात विडा ठेवला. तिथली रीतच तशी. विडा उचलेल त्यानं लढायला जायचं. मोठमोठे सरदार माना खाली घालून बसले. विडा उचलला रायाजीनं. साधा घोडेस्वार, बरं का! आपले गडी घेऊन गेला आणि राक्षसाचं मुंडकं उडवून आला.

राजानं हे सगळं बुरुजावरून डोळ्यांनी पाहिलं. पण दिवाण पडला राणीचा भाऊ. तो भर दरबारात म्हणाला, "राक्षस माझ्या जावयानं मारला!" जावई तेव्हा गडावर बसून जिलब्या हाणत होता, मेला! राजा गप्प. मानाचं कडं जावयाच्या हातात.

मग काय झालं? राक्षस पुन्हा उठला, आता दोन ताडांएवढा. पुन्हा विडा, पुन्हा रायाजी. या खेपेला त्याचे चाळीस गडी पडले. मरता मरता राक्षस हसला. म्हणाला, "तुमच्या दरबारातलं खोटं खाऊन मी वाढतो. मला कसलं मरण?"

रायाजीनं हे जसंच्या तसं दरबारात सांगितलं. दिवाण ओरडला, "बघा, हा राक्षसाशी बोलतो! फितूर आहे फितूर!" आणि त्या राजानं, सगळं पाहिलेल्या राजानं, रायाजीला बेड्या ठोकल्या. अस्सा राग येतो ना मला! नाही, मी हळू बोलणार नाही.

तिसऱ्यांदा राक्षस उठला तो गडाहून उंच. तबकातला विडा सुकून गेला. जावयाच्या पोटात दुखायला लागलं. मग राजाला आठवला रायाजी.

रायाजी आला, बेड्यांसकट. म्हणाला, "महाराज, आता हे तलवारीचं काम नाही. बुरुजावरून तुम्ही पाहिलंत. विडा तुम्ही उचला."

राजाचं काळीज ते चिंचोक्याएवढं. पण उचलला बाई त्यानं! एकटा गडाबाहेर गेला, राक्षसासमोर उभा राहिला आणि सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असा ओरडला, "दोन्ही वेळा रायाजीनं मारलं! मी पाहिलं आणि गप्प बसलो!"

मग राक्षस खचत खचत गेला आणि त्याची मूठभर राख झाली. लांडगे धूम पळाले. दिवाण आणि जावई, दोघांना हद्दपार केलं.

राजानं स्वतः रायाजीच्या बेड्या काढल्या. म्हणाला, "मला माफ कर."

रायाजी म्हणाला, "माझी कसली माफी मागता? माझे चाळीस गडी तुमच्या गप्प बसण्यानं गेले. त्यांच्या दारी जा."

राजा अनवाणी गेला. कुणी पाणी दिलं, कुणी दार उघडलंच नाही. राजा तिथेच उंबऱ्याशी बसून राहिला. बसू दे!

पुढे सगळं राज्य सुखानं नांदलं. ती चाळीस घरं सोडून. मिट डोळे आता.