येसबाचं पालथं संबळ

फार फार वर्षांमागे बोरखडक गावात येसबा नावाचा गोंधळी होता. त्यानं संबळावर काठी टेकवली की खडकाई देवीच्या देवळातली घंटा आपोआप हलायची, असं म्हणतात.

येसबाला नवसाची एकच लेक, चिमा. सातव्या वर्षी ती पाणी भरता भरता कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय ताठ. फेफरंच ते. गावानं कांदा हुंगवला, वहाण नाकाला लावली. पोर शुद्धीवर आली, आठ दिवसांनी पुन्हा पडली. मग एकदा ती पडली नेमकी संबळ वाजत असताना आणि गाव म्हणालं, हिच्या अंगात खडकाई येते. झालं! जिच्यापासून आपली पोरं लपवायच्या, तिच्याच पायांवर बाया डोकं ठेवू लागल्या.

येसबाला ते गोड वाटलं. कुठल्या बापाला वाटणार नाही? आजार म्हटला तर लेकीचा जन्म वाया, देवी म्हटली तर तिच्या हालांना काही अर्थ तरी. पुजारी म्हणाला, "जत्रेत देवी पुरती येऊ दे. एकदा बोलली की पोरीला सोडून जाईल." आणि देवी आली की संबळ थांबवायचं नाही, अंगात आलेल्याला हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज.

चैत्राच्या जत्रेत भर दुपारी चिमा पडली. येसबानं संबळ असं कडाडवलं की डोंगराला भेग गेली, असं म्हणतात. ती भेग अजून दाखवतात.

"अवं, थांबवा!" त्याची बायको सारजा ओरडली. "पोर काळीनिळी पडाय लागलीया!"

"हात थांबला तर देवी माघारी जाईल गं. आता बोलंल बघ. आता बोलंल."

सारजा लेकीकडे धावली, तर चार बायांनी तिला धरून ठेवलं. येसबा वाजवत राहिला. चिमा बोलली नाही. संबळ थांबलं तेव्हा ती गार पडली होती.

लेकीचं डोकं मांडीवर घेऊन येसबानं गाभाऱ्याकडे पाहिलं. "आई, तू आलीच नव्हतीस व्हय?"

त्यानं संबळ पायरीवर पालथं घातलं आणि मरेपर्यंत रोज त्याच्याशेजारी येऊन बसला. त्याला देवी सोडवेना, आणि हात जोडायलाही हात उठेनात. सारजा त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. ते संबळ उचलून कुणी कुणी वाजवून पाहिलं. आवाज निघाला नाही, नुसतं चामडं ओलं व्हायचं, असं म्हणतात.

आजही बोरखडकाच्या जत्रेत पायरीवर एक संबळ पालथं असतं. गर्दीत कुणी कोसळलं की सगळी वाद्यं जागच्या जागी थांबतात. जवळ असेल तो खाली बसतो, पडलेल्याला कुशीवर वळवतो, डोकं मांडीवर घेतो. नवखा कुणी विचारतो, देवी असली तर? तेव्हा म्हाताऱ्या सांगतात, "देवी असंल तर थांबंल, बाबा. लेकरू थांबत न्हाई."