द्वारकीनं वाढलेला भात

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमचे पणजे खाडीत उघडेनागडे डुंबत होते त्या काळी, नांदखोलात गुणाजी मेस्त नावाचा सुतार राहत होता. पोटासाठी तो दारं-खिडक्या करी, पण जीव सगळा जडवकामात. लाकडात खाच कोरायची आणि तिच्यात शिंपला, शिंग, हाड, करवंटी, पितळेची तार असं काहीबाही घट्ट बसवून चित्र उठवायचं. रंगाचा एक ठिपकासुद्धा लावायचा नाही. एकदा त्यानं खोतांच्या पाटावर करवंटीचा खेकडा जडवला. खोतीणबाई जेवायला बसायला गेल्या आणि अशा उडाल्या की कढीचं पातेलं खोतांच्या डोक्यावर. खोत तासभर झाडू घेऊन त्या खेकड्याला हाकलत होते, असं म्हणतात. खोतांच्या घरचे अजून नाही म्हणतात, पण त्यांचं ऐकतो कोण?

म्हातारपणी गुणाजीनं देवीसाठी एक फळी करायला घेतली. केळीच्या पानावर वाढलेला भात, वर पिवळं वरण, कडेला लिंबाची फोड. पीक बुडेल त्या वर्षीही देवीपुढचं पान रिकामं दिसू नये, हा त्याचा हट्ट. फणसाच्या लाकडाचं वरण झालं, लिंबू झालं. पानाची खाच कोरून झाली, पण हिरवं काही सापडेना. आणि भात तर मुळीच जमेना. शंखाची शितं कापून बसवी, लांब जाऊन बघी आणि सगळी उपटून काढी. "मेलेला दिसतो गं हा भात," असं लेकीला म्हणे. एके दिवशी दुपारी भात तसाच राहिला आणि म्हातारा मात्र गेला.

दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा पिंडाला शिवला की मेलेल्याचा जीव सुटला असं समजायचं. वडावर चाळीस कावळे येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. म्हणजे म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिली होती. मग ज्याला जे सुचेल ते वचन तो मोठ्यानं द्यायला लागला.

पिंड ठेवणारा पुतण्या विसू म्हणाला, "काका, काकीला मी सांभाळीन हो!"

"तू आधी स्वतःला सांभाळ," गुणाजीची बायको आवडाबाई म्हणाली. कावळे गप्प.

शेजारच्या बाबलनं घाम पुसला. "गुणाजीदादा, तुझा रंधा माझ्याकडेच आहे रे. उद्या आणून देतो." कावळे हलले नाहीत, पण अख्ख्या गावानं माना वळवून बाबलकडे बघितलं.

शेवटी खोत पुढं झाले आणि खाकरून म्हणाले, "खेकडा चांगला होता." खोतांच्या तोंडून एवढं निघालं, यावर तरी कावळ्यानं यायला हवं होतं. नाही आला.

ऊन डोक्यावर आलं. भटजींच्या पोटात कावळे ओरडायला लागले, तेवढेच काय ते ओरडले. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात चालतं."

तेव्हा गुणाजीची एकुलती लेक द्वारकी आडवी आली. "माझ्या बापानं जन्मभर खऱ्यासारखं करण्यात हात झिजवले, आणि त्याला तुम्ही गवताचा कावळा दाखवणार?"

"मग काय गं, कावळ्यांना अक्षता पाठवू?" भटजी म्हणाले.

"बाबांचा भात राहिलाय. तो मी पुरा करते आणि तेराव्याला इथं आणते."

"आणि तेव्हाही नाही आला तर?"

"तर चौदाव्याला परत बसेन कामाला."

बाईनं पटाशी हातात धरलेली नांदखोलानं कधी पाहिली नव्हती. आता पाहिली.

पहिला दिवस पानाचा. हिरवं कुठून आणायचं म्हणून द्वारकी रानभर फिरली आणि रिकामी परत आली. आवडाबाईनं कोनाड्यातून एक पुरचुंडी काढली. नवरा गेला त्या दिवशी फोडलेल्या हिरव्या बांगड्यांची काच होती ती.

"आई, ही नको."

"त्याच्याच नावाच्या होत्या. जाऊ देत त्याच्याच पानात."

द्वारकीनं काच दगडावर घासली, बोटं रक्ताळली, आणि पान असं उतरलं की शेजारची शेळी येऊन चाटून गेली.

दुसऱ्या दिवशी भात. नुसता शंख बटणासारखा दिसतो, म्हणून तिनं शंख, शिंपला आणि हाड असे तीन पांढरे घेतले. तरी भात मेलेलाच. मग तिनं आईच्या भांड्यातला मूठभर शिजलेला भात उचलला आणि दाणकन फळीवर फेकला. बाबल नेमका रंधा घेऊन दारात आला होता. "गेलं, पोरीचं डोकं गेलं!" म्हणून तो तिथूनच पळाला. द्वारकी मात्र त्या सांडलेल्या भाताकडे बघत बसली. बापाचा हात सुताराचा, सरळ. त्यानं शितं ओळीत बसवली होती, दाराच्या फळ्यांसारखी. भात कधी ओळीत बसतो का? एक आडवं, एक उभं, एक दुसऱ्याच्या अंगावर लोळतंय. तिनं एकेका शिताभोवती सुईनं रेघ ओढली, शीत उचललं, तिथं तशीच खाच कोरली आणि तिच्यात तेवढाच पांढरा तुकडा बसवला. वरून नख फिरवून कुठं अडलं की तुकडा काढून पुन्हा बसवला. तेराव्याची पहाट होईपर्यंत ती उठली नाही. सातशे शितं आहेत, असं म्हणतात. मोजायला गेलेला शाळामास्तर तीन वेळा चुकला.

तेराव्याला फळी खऱ्या पिंडाशेजारी ठेवली. द्वारकी एवढंच म्हणाली, "बाबा, झालं बघा."

एक म्हातारा कावळा उतरला. खऱ्या भाताकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. मान वाकडी केली, एका डोळ्यानं फळी न्याहाळली आणि चोच मारली. टक्! मग चाळीसच्या चाळीस उतरले, टक् टक् टक्, जसं सुतारकाम चाललंय. फळीवरच्या भातानं मन भरल्यावर ते खऱ्या पिंडाकडे वळले. पण तो म्हातारा कावळा चोचीत एक शंखाचं शीत घेऊन खाडीपार उडाला. ते गुणाजीला पोचलं, असं म्हणतात. फळी देवीच्या देवळात आहे. त्या शिताची खाच द्वारकीनं कधी भरली नाही.

तेव्हापासून नांदखोलात दहाव्याला कुणी वचनं देत नाही. गेलेल्या माणसाचं जे काम अर्धं राहिलं असेल ते घरच्यांनी तेराव्याच्या आत पुरं करायचं, पिंडाशेजारी आणून ठेवायचं आणि "झालं बघा" एवढंच म्हणायचं. कुणाचं जाळं असतं, कुणाची टोपली. जांभ्या दगडाचा अर्धा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, उचलून आणता येत नाही, तर तिथं पिंडच गडग्यावर नेतात. कावळा येतो. न येऊन सांगतो कुणाला?

यामुळे गावातले म्हातारे मात्र फार डांबरट झालेत. धडधाकट असतात, पण एकेक काम मुद्दाम अर्धं टाकून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "राहू दे रे. आमच्या माघारी पोरं तीन दिवस तरी एका जागी बसतील."