कुंभारखाणीची जमीन

दोष श्रेष्ठी नंदिलाचा होता, दुसऱ्या कुणाचा नाही. वयाने मोठा म्हणून त्याला सूट द्यायचे कारण नाही.

पूर्वी शाल्मलीनगरात सुयाम राजा गादीवर असताना बोधिसत्त्व या नंदिलाचा पुतण्या क्षेमक म्हणून जन्मला. गुरुकुल अर्ध्यात सोडून तो घरी आला, तेव्हापासून काका भर पंगतीत त्याला ‘आमचे अर्धे पंडित’ म्हणे, आणि पंगत हसे.

वेशीबाहेर कुंभारांनी माती काढून सोडलेली जमीन विकायला निघाली. क्षेमकाने काकाकडे भांडवल मागितले.

“खड्डे विकत घेणार?” नंदिल म्हणाला. “आधी मिसरूड फुटू दे.”

क्षेमक गाडीवानांचा नायक गोरथ याच्याकडे गेला. “तुमचे बैल इथे उघड्यावर असतात. एका वर्षाचं भाडं आज द्या, दोन वर्षं छपराखाली उतरा.”

“पोरा, छप्पर कुठाय?”

“तुमच्या भाड्यातून उभं राहील.”

“आणि नाही राहिलं तर?”

“तर दोन वर्षं तुमच्या गाड्या हाकीन.”

गोरथ हसला आणि त्याने कमरेची थैली सोडली. त्यातून क्षेमकाने जमिनीचा इसार दिला.

हे कळले त्या दिवशी नंदिलाला जेवण गेले नाही. जमीन त्याला नकोच होती. ती पुतण्याला मिळू नये, एवढेच हवे होते. चाळीस वर्षे त्याची पालखी त्या खड्ड्यांवरून गेली होती आणि त्याला तिथे कधी काही दिसले नव्हते. ते कालच्या पोराला दिसावे? पेठेत कुणी “पुतण्या हुशार निघाला हो” म्हणाले, की तो वाटेतूनच परत फिरे.

त्या नगरात रीत होती. घेणारा जमिनीच्या चारही कडा पायी चालेपर्यंत सौदा पुरा होत नसे. तोवर लगतच्या मालकाने तीच किंमत दिली, तर जमीन त्याची. नंदिलाचा एक पडीक तुकडा लागून होता. क्षेमक तीन कडा चालला. चौथीवर काका थैली घेऊन उभा होता.

क्षेमक थांबला. मग म्हणाला, “काका, जमीन तुमची. पण मध्ये बांधू नका. तिथे सगळ्यांत खोल खणलंय, वर नुसती राख आणि खापरं भरलीत. मी तिथे बैलांसाठी तळं ठेवणार होतो, आणि छपरं कडेनं.”

नंदिलाला उलटेच कळले. पोरगा मधला भाग लपवतोय, खरा माल तिथेच! जन्मभर लोकांना फसवणाऱ्याला सरळ बोलणे ऐकूच येत नाही. त्याने राहते घर गहाण टाकले आणि बरोबर मधोमध दुमजली वखार उठवली, पुतण्याला कुठूनही दिसावी अशी.

क्षेमकाने परत मिळालेला इसार गोरथापुढे ठेवला. गोरथाने तो त्याच्याकडेच सरकवला. “दुसरी जागा बघ.” क्षेमकाने पलीकडचे खडकाळ टेकाड घेतले. वर्षभरात तिथे छपरे उभी राहिली आणि गाड्या तिकडेच वळू लागल्या. नंदिल वखारीच्या माडीवरून त्या मोजत बसे.

दुसऱ्या पावसाळ्यात वखार एका अंगाने खचली. क्षेमक बैल आणि दोर घेऊन धावला. त्याने आतली माणसे काढली, पोती काढली.

“चला काका. एक खण तुमचा. भाडं नको.”

“तुझ्या छपराखाली?” नंदिल म्हणाला, आणि चिखलात उभाच राहिला.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते यांनी त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. तरुण भिक्षूचे पात्र आधी भरले म्हणून आज तोंड फिरवून बसलेला वृद्ध भिक्षू, तोच तेव्हाचा नंदिल. ते पात्र भरणारा उपासक तेव्हा गोरथ होता, आणि क्षेमक स्वतः शास्ते.

दुसऱ्याचे बरे झालेले पाहून आनंद होण्याच्या गुणाला मुदिता म्हणतात. क्षेमकाने ती गोरथात पाहिली आणि काकासाठीही राखली. नंदिलाकडे ती नव्हती. त्याचे राहते घर गेले.