दोन घरांवरचं प्यादं

एका राज्यात सिंहासनावर राजा नव्हता, राणी नव्हती. बुद्धिबळाचा पट ठेवलेला होता. पट कपालभानाचा. हा जादूगार, आणि जन्मात एकही डाव न हरलेला. दर पुनवेला सकाळी तो चौकात एकवीस पट मांडी. घरटी एक माणूस खेळायला द्यायचा, असा हुकूम. मग पोरंसोरं, न्हावी, गुरव, हौशी म्हातारे ओळीने बसत, आणि हा एकटा फिरत फिरत एकविसांशी खेळे. हरेल तो पायापासून लाकूड होत जाई, आणि त्याचं प्यादं बने. पुढच्या पुनवेला त्याच प्याद्यांनी पुढच्यांनी खेळायचं. मारलं गेलेलं प्यादं शेगडीत. शेगडीत गेलं ते गेलं.

सोनकी कासाराची पोर, बारा वर्षांची. तिचा थोरला भाऊ मुरार गेल्या पुनवेला हरला होता. या पुनवेला हुकूम आला तेव्हा ती आपणहून उठली. वेशीवर साळुंकी बसली होती.

"कुठं निघालीस?"

"दादाला आणायला."

"मग तीन गोष्टी ऐक. तो समोर उभा राहीस्तोवर सोंगटीला हात लावू नको. एकही प्यादं मारू देऊ नको. आणि डाव पुरा कर."

"म्हंजे?"

"प्यादं पलीकडच्या शेवटच्या घरात गेलं की माणूस सुटतो, डाव मोडतो. आपलं माणूस घेऊन सगळे घरी पळाले. त्याच्यावर मात कुणी केलीच नाही. केली तर सगळेच सुटतील. मीसुद्धा."

"तू कोण?"

"राणी. पहिली हरले ती मीच. तेव्हा तो हरणाऱ्याचं पाखरू करी."

सोनकी एकेक पट बघत गेली. एकविसाव्या पटावर एका प्याद्याचा कान फाटका होता. मुरारचा कान लहानपणी बोकडाने फाडला होता. ती तिथेच बसली.

डाव सुरू झाले. कपालभान येई, काठी आपटी, की चाल करायची. दोन गोष्टी तिने पाळल्या. घोडा दिला, हत्ती दिला, प्यादं दिलं नाही. दुपारपर्यंत फाटक्या कानाचं प्यादं शेवटच्या घरापासून दोन घरांवर आलं. कपालभानाने त्याची वाट मुद्दाम मोकळी ठेवली होती. सगळी मोहरी उचलून आपल्या राजाभोवती कोंबली होती.

काठी आपटली. "पोरी, दोन घरं चाल. मी आडवा येत नाही. भाऊ घे आणि जा. आई वाट बघत असेल."

"बघतीयच."

शेजारच्या पटावरचा म्हातारा गुरव गुडघ्यापर्यंत लाकूड झाला होता. "बाय माझे," तो म्हणाला, "पायाला खाज सुटलीय, आणि खाजवू काय, लाकूड?"

सोनकीने त्याच्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, बोटाने घरं पुन्हा मोजली. चुकलं तर मुरार शेगडीत. तिने प्यादं उचललं. सरळ नाही, तिरपं नेलं. राजाजवळचा घोडा मारला.

"शह."

कपालभान हसला. "राजानेच खाईन की त्याला!"

"उंटाचा जोर हाय त्याला."

त्याने डावीकडे पाहिलं, तिथे प्याद्यामागे त्याचाच उंट. उजवीकडे त्याचाच वजीर, वजिरापुढे त्याचंच प्यादं. राजासमोरच्या घरावर सोनकीचा घोडा टपलेला. प्याद्याला मारील असं मोहरं एकही नाही. वाट सोडायच्या नादात गड्याने राजाला हलायला जागा ठेवली नव्हती.

"मात," सोनकी म्हणाली. "प्याद्याची."

कपालभान खाली वाकून बघत राहिला. बघता बघता पाय लाकूड झाले, मग कंबर, मग काठी धरलेला हात. एकवीस पटांवरची प्यादी माणसं होऊन उठली, अंग चोळू लागली. साळुंकी राणी होऊन आली आणि सिंहासनावरचा पट खाली ठेवून बसली. पहिला हुकूम, शेगड्या विझवा.

मुरार कान चोळत म्हणाला, "दोनच घरं राहिली हुती की, येडे! जाळत हुतीस मला!"

"जळलास का? मग चल. आई वाट बघतीय."

तो एकविसावा पट अजून त्या चौकात मांडलेला असतो. नवी प्यादी केली, तरी त्यात एक प्यादं जास्त भरतं, हातात काठी धरलेलं. खेळणारे आधी ते उचलून बाजूला ठेवतात, मग डाव मांडतात.