लाल रेघ, काळी रेघ

"आणि मी माझीच रेघ कोरली तर?"

सोपाननं विचारलं. आबांनी टोपी सारखी केली आणि डोंगर चढू लागले.

विश्राम आबा म्हणजे दगडातून देव काढणारा माणूस. साताऱ्याकडे त्यांच्या हाताखाली तयार झालेले मूर्तिकार गावोगाव आहेत. सोपान त्यांतला सगळ्यांत धाकटा आणि सगळ्यांत हुशार. हुशार आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. इजिप्तला शिल्पकारांचा मेळा होता, त्याचं दोघांना बोलावणं आलं. मेळा संपला. घरून आणलेलं भांडण मात्र संपेना.

भांडण देवीच्या हाताचं होतं. आबांच्या मूर्तींच्या कारखान्यात भिंतीवर सोपाननं गेरूनं महिषासुरमर्दिनी रेखाटली आणि भाल्याचा हात पार मुकुटाच्या वर नेला. आबांनी कोळसा उचलला आणि तो हात खांद्याशी आणून ठेवला, शास्त्रात सांगितलाय तेवढाच. परत गेल्यावर दगडाला छिन्नी लागायची होती.

"आबा, हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर मी कारखाना सोडतो."

"बरं."

"बरं म्हणजे काय?"

"बरं म्हणजे ऐकलं."

सोपानचा राग नाकाच्या शेंड्यावरच असायचा. आबा असं थंड बोलले की तो आणखी भडकायचा.

पुढे वाटाड्या चालला होता. सब्री त्याचं नाव, त्याच डोंगराखालच्या गावातला म्हातारा. अंगात पायघोळ झगा आणि काखेत घरातला आरसा. डोंगरात वर कोरलेलं एक प्राचीन थडगं बघायचं होतं, तिथे वीज नव्हती. सब्री तोंडाशी उन्हात उभा राहायचा आणि आरशानं ऊन आत टाकायचा. त्याच्या बापानंही पाहुण्यांना थडगी अशीच दाखवली होती.

दोघं आत गेले. भिंतीवर उजेडाचा चौकोन आला.

चित्रात कुणा सरदाराची प्रेतयात्रा होती. मागे रडणाऱ्या बायांची रांग, सगळ्यांचे हात वर. कोरलेलं थोडं, बाकी नुसत्या रेघा.

"थडग्याचा मालक आधी मेला," सब्री बाहेरून ओरडला. त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. "काम अर्धंच राहिलं. लाल रेघ शिष्याची. काळी रेघ उस्तादाची. उस्ताद दुरुस्त करायचा, मग छिन्नी काळ्या रेघेवरून."

सोपाननं जवळ जाऊन पाहिलं. लाल हात, त्यावर काळा हात. लाल खांदा, त्यावर काळा खांदा.

"म्हणजे तेव्हापासून हेच चाललंय!" तो म्हणाला. "हजारो वर्षं झाली, गुरू काही सुधारले नाहीत."

आबा हसले. त्यांना भिंत फार आवडली होती.

"आता शेवटची बाई बघा," सब्री म्हणाला, आणि उजेड सरकत कोपऱ्यात गेला.

शेवटच्या बाईचा हात सगळ्यांपेक्षा उंच होता. काळी रेघ त्याला रांगेत बसवायला आली होती, खाली, इतरांच्या बरोबरीनं. पण छिन्नी तिथे गेलीच नव्हती. ती लाल रेघेवरून गेली होती, खोल, न अडखळता. काळी रेघ बाजूला तशीच पडून होती.

सोपानच्या अंगावर काटा आला.

"ह्याचं पुढे काय झालं?" त्यानं ओरडून विचारलं.

"अल्ला जाणे. हात तोडला असेल, नाहीतर बक्षीस दिलं असेल. भिंत सांगत नाही."

"आबा, बघितलंत? ह्यानं मानलं नाही!"

आबा पुढे झाले आणि थेट उजेडात उभे राहिले. त्यांची सावली भिंतीवर पडली आणि ती बाई दिसेनाशी झाली.

"आबा... मला छिन्नीचे घाव बघायचेत."

आबा हलले नाहीत.

"आबा, जरा बाजूला होता का?"

...

"लवकर करा!" सब्री ओरडला. "सूर्य डोंगराआड चालला. मग आरसा काय करणार?"

सोपाननं हात जोडले. "आबा, पाया पडतो. उद्या सकाळी आपलं विमान आहे. हे मला पुन्हा दिसायचं नाही."

आबा भिंतीसारखे उभे. डोळे मिटलेले, जणू ऐकूच येत नाही. चौकोनाची एक कड पिवळी पडू लागली होती.

मग सोपानचं डोकं फिरलं. पोरवयापासून ज्या माणसाच्या तो रोज पाया पडत आला होता, त्याचे दोन्ही खांदे त्यानं धरले, त्याला उचलल्यासारखं केलं आणि बाजूला ठेवलं. म्हाताऱ्याची टोपी खाली पडली.

उजेड त्या हातावर आला.

सोपाननं श्वास रोखून घाव पाहिले. कुठे थांबलेली छिन्नी नव्हती. कुठे शंका नव्हती.

"परत गेल्यावर," तो म्हणाला, "देवीचा हात माझ्या रेघेवर कोरणार. मुकुटाच्या वर. तुम्ही ठेवा नाहीतर हाकला. विचारत नाही, आबा. सांगतोय."

आबांनी वाकून आपली टोपी उचलली आणि फुंकर मारून धूळ उडवली.

ते पाहून सोपानला आपण काय केलं ते कळलं. गुरूच्या अंगाला हात लावला! त्याचा चेहरा पडला. तो खाली वाकला, पायांवर डोकं ठेवायला.

आबांनी पाय मागे घेतले.

"पाया मागाहून पड. आधी घाव बघून घे, उजेड चाललाय."