घरचा वन्समोअर

शकूताई गिरणीतून दळण घेऊन येत होत्या, तेव्हा बातमी कळली. 'संगीत रत्नमेखला'ची नायिका हेमांगीबाई सांगलीत येणार होती आणि रसिक मंडळात सगळे तिच्यासमोर नाटकावरचे गमतीदार अभिप्राय वाचणार होते. शकूताईंचा जुना हेवा जागा झाला. त्यांचे दिवंगत यजमान श्रीपादराव या बाईच्या गाण्यावर लट्टू होते.

समारंभात एकाने वाचलं, "पहिल्या अंकात नायक रुसतो, दुसऱ्यात नायिका आणि तिसऱ्यात शेवटची बस चुकलेले प्रेक्षक."

हशा पिकला. मग अध्यक्ष भाऊसाहेब वकील मिशीत हसत म्हणाले, "श्रीपादराव घसा बसेपर्यंत वन्समोअर मागायचे. काय हो वहिनी, घरी तुम्हीही हीच पदं गाता म्हणे. तुम्हाला मिळाला का कधी वन्समोअर?"

सभागृहात खसखस पिकली. शकूताई शांतपणे उठल्या.

"नाही मिळाला, भाऊसाहेब. पडदा पडल्यावर निघून जाणाऱ्या गाण्यालाच माणूस ओरडून थांबवतो. माझं त्यांना रोज सकाळी चहाबरोबर मिळायचं."

पहिली टाळी हेमांगीबाईची होती. भाऊसाहेब पाण्याचा पेला शोधू लागले.

घरी परतताना शकूताईंचा हेवा थोडा निवला होता. श्रीपादराव दरवेळी नाटकाची दोन तिकिटं आणायचे. हेव्यापोटी त्या त्यांच्याबरोबर एकदाही गेल्या नव्हत्या.